जोडीला काय घ्यावं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

चौऱ्याऐंशी टक्के! अख्खी बँक दुसऱ्यांदा संपवली आणि चौऱ्याऐंशी! उठून आरशासमोर गेले आणि स्वतःलाच म्हटलं — या डॉक्टरीणबाई, बसा.

नवरा म्हणतो, "बँक बँक काय करतेस, आपलं खातं तरी आहे का तिथे?" किती वेळा सांगितलं याला — प्रश्नांची बँक! फोनवर हजारो प्रश्न, प्रत्येक प्रश्नात एक पेशंट, खाली पाच उत्तरं, त्यातलं एक खरं. परीक्षेतही हेच असतं. ती पास झाले तर इथे डॉक्टर म्हणून काम करायचा परवाना. आधीची डिग्री, आधीची ओपीडी, मायदेशात हाताखालून गेलेले पेशंट — इथे त्याला कुणी विचारत नाही. दोनदा नापास झालेय. ही तिसरी खेप आणि नियमाप्रमाणे शेवटची. चौथी नसतेच. हुकली तर जन्मभर लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढत बसायचं.

पण चौऱ्याऐंशी! आज मी कुणाच्या बापाला भीत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

माती खाल्ली.

टक्केवारीला फोन केला होता. माझ्याबरोबर पहिल्या खेपेला बसला आणि तेव्हाच पास झाला तो. 'कशी आहेस'च्या आधी 'किती टक्के' विचारतो, म्हणून टक्केवारी. मला वाटलं, कौतुक करील. तर म्हणाला, "मी फक्त सुरुवात सांगतो. तू उत्तर दे. बागकाम करणारा माणूस—"

"गुलाबाचा काटा, कातडीची बुरशी!"

"कबुतरं पाळणारा—"

"फुप्फुसाची ॲलर्जी!"

"कॉलेजातला मुलगा, घसा—"

"प्लीहा सुजलीय, खेळायला सोडू नका!"

मी खूश. तो हळूच म्हणाला, "अगं, तू पेशंटला नाही ओळखत. प्रश्नाला ओळखतेस. पाठ झालीय तुला बँक."

रागाने फोन ठेवला. मग दुसऱ्या एका बँकेचे नमुन्याचे प्रश्न सोडवले, फुकट होते. एक्कावन्न टक्के! तिथला बागकाम करणारा माणूस हृदयविकाराचा निघाला. गुलाबाचा काही संबंधच नव्हता, बिचारा गवत कापत होता.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुख्य पुस्तक आहेच, ते सोडायचं नाही. प्रश्न आहे जोडीला काय घ्यावं हा. आज सगळी दुपार यातच गेली.

व्हिडिओवाले सर आहेत. आवाज असा की ऐकताना मूत्रपिंडसुद्धा डुलकी घेईल. पडदे ओढलेले, उन्हाची एक पट्टी जमिनीवर, सर मूत्रपिंडाच्या नळीतून मीठ-पाणी घेऊन चाललेत आणि मीही त्यांच्यामागून वाहत चाललेय… जाग आली तेव्हा सर यकृतात पोचले होते. मध्ये काय झालं ते सरांना ठाऊक.

मग चित्रांच्या गोष्टी. प्रत्येक जंतूचं एक चित्र — किल्ला, राजा, राजाच्या हातात निळी छत्री. छत्री म्हणजे अमुक औषध. पण मी छत्रीकडे बघत बसते. हा राजा एकटाच का उभा आहे? राणी कुठे गेली? पाऊस तर दिसत नाही. असं करत करत औषध राहून जातं.

मग फोनवरची कार्डं. रोज केली तर गुणी बाळं. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन दारात उभी. माझ्या दारात तर आता मोर्चाच आलाय.

आत्याबाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. टेबलावरचा पसारा, कानातली वायर, फोन, टॅब, उघडी पुस्तकं — सगळं बघून म्हणाल्या, "सूनबाई, एक ना धड, भाराभर चिंध्या."

चहा घेतला. खरंच होतं ना!

रविवार, १६ फेब्रुवारी

आत्याबाईंचा राग येत नाही मला, हीच गंमत. नवऱ्याची आत्या. याची आई लवकर गेली, तेव्हा यांनीच याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या — कानाला यंत्र, समोर वायरींचं जंगल, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची. आमच्याकडे दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या. माझ्या पहिल्या परीक्षेच्याही आधी. त्या दोन आठवड्यांना आता तीन वर्षं होत आली. "निघते मी आता," असं दर महिन्याला म्हणतात. आम्ही दोघं "हो हो" म्हणतो. कुणीही हलत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दुसरी बँक घेतली. टक्केवारीचा हुकूम — "नवी बँक, एकच. बाकीचं सगळं फेकून दे." फेकवत नाही. व्हिडिओवाले सर ठेवले. झोपेसाठी.

आज लॅबमध्ये एका आजोबांचं रक्त काढताना मनात वाक्य आपोआप तयार झालं — 'बहात्तर वर्षांचा पुरुष, हात थंड, नखं पांढुरकी, पुढची तपासणी कोणती?' आजोबा म्हणाले, "बाई, सुई काढा की आता." कधीची काढायला हवी होती!

रविवार, २३ फेब्रुवारी

नव्या बँकेत बुडतेय. पेशंट सगळे एका आवाजात बोलतात. 'तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला, रात्री घाम, वजनात घट.' वाचता वाचता मी कुठल्या कुठे जाते. हा कोण, कुठे राहतो, खिडकीतून याला काय दिसतं? पानाच्या तळाशी पोचेपर्यंत माणूस मला आवडायला लागलेला असतो आणि उत्तर चुकलेलं असतं.

आज मोठ्याने वाचत होते. आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हा पेशंट आहे की बातम्या देतोय? असं कोण बोलतं गं? एवढी वर्षं लोकांची बोलणी ऐकली मी. माणूस आधी हवापाण्याचं बोलतो. मग म्हणतो, तसं काही नाही. आणि फोन ठेवता ठेवता खरं काय ते सांगतो."

म्हटलं, "मग तुम्ही बोलून दाखवा!"

हात पुसत आल्या, मनगटावर भाजल्याची ती जुनी खूण. टॅबवरचा प्रश्न वाचला, नाकावरचा चष्मा वर सरकवला, खुर्चीवर बसल्या — आणि बाईंचा आवाजच बदलला! कुठला तरी दमलेला बस ड्रायव्हर. "काही नाही हो डॉक्टर, बायकोनं पाठवलंय. ती म्हणते, तुमची पँट सैल झाली. आता पँट सैल झाली तर शिंप्याकडे पाठवायचं ना?"

मी पाच मिनिटं प्रश्न विचारत होते. खोकला मला शोधून काढावा लागला! घाम तर त्याने शेवटी सांगितला, उठून जाताना. उत्तर बरोबर आलं. क्षयरोग. आत्याबाईंनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरच्याच हातांनी.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि इकडे ही बँका धुंडाळतेय."

शनिवार, १ मार्च

रोज दुपारी लॅबमधून आले की दोन तास. पद्धत ठरलीय. मी टॅब न बघता त्यांच्या हातात देते. त्या स्वयंपाकघरात जाऊन प्रश्न वाचतात, पेशंट होऊन बाहेर येतात. मी विचारायचं, शोधायचं, उत्तर द्यायचं. कार्डं पुसून टाकली. चित्रांचा राजा गेला छत्री घेऊन. सरांना मात्र अजून झोपायला ठेवलंय.

कालची थायरॉइडची बाई तर लाजवाब! सगळं घर उकाड्याने वैतागलेलं आणि हिने अंगाभोवती शाल गुंडाळलेली. बोलणं इतकं संथ की मीच जांभया द्यायला लागले. आत्याबाई चिडल्या. "डॉक्टरने जांभई दिली तर पेशंटने काय करायचं?"

दोघी हसून हसून लोळलो.

त्या गेल्या तरी पेशंट जात नाहीत. दिवेलागणीला खोलीत बसले की जाणवतं, ड्रायव्हर तिथे आहे, शालवाली बाई खिडकीपाशी आहे. बसा, म्हणते मनात. कुणाला घाई नाहीये.

बुधवार, ५ मार्च

बासष्ट टक्के. न पाठ झालेले, खरे!

एकच कटकट. बाई मीठमसाला लावतात. मुतखड्याच्या पेशंटला खोकला दिला, घर सोडून गेलेला एक भाऊ दिला, मालकाशी भांडण दिलं. मी भावाच्याच मागे लागले आणि मुतखडा राहिला. नियम केला — प्रश्नात नाही ते बोलायचं नाही. "बरं बाई," म्हणाल्या. "तुमची लाइन, तुमचे नियम."

रविवार, ९ मार्च

पुन्हा तेच! हृदयविकाराचा पेशंट, साठीचा, दुकानदार. छातीचं सगळं छान सांगितलं — जबडा, डावा हात, घाम. आणि उठता उठता म्हणतो, "डॉक्टर, एक विचारू? आमच्या हिला या वयात पुन्हा अंगावरून जायला लागलंय. लाल. तसं काही नाही ना?"

म्हटलं, "आत्याबाई! बायकोचा प्रश्न वेगळा! आधी स्वतःच्या छातीचं बघा!"

"चुकलं," म्हणाल्या दुकानदाराच्या आवाजात.

शुक्रवार, १४ मार्च

अडुसष्ट! टक्केवारी म्हणाला, "सत्तर झाले की झोप." मी तर आत्ताच झोपते की.

आज गुडघेदुखीची म्हातारी. तिलाही तेच! गुडघा दाखवता दाखवता, "आणि बाई, ते पुन्हा सुरू झालंय." म्हटलं, प्रश्न गुडघ्याचा आहे! त्याआधी परवा मधुमेहाची बाई होती, तीही तसंच म्हणाली होती. आत्याबाईंना एकच मसाला सापडलाय आणि तो सगळ्याच भाज्यांना. मी चिडले. चिडून बोलले — "माझी शेवटची परीक्षा आहे, तुम्हाला करमणूक सुचतेय!"

त्यांनी टॅब टेबलावर ठेवला आणि आत गेल्या. संध्याकाळी बोलल्या, पण फक्त चहाचं.

वाईट वाटतंय. उद्या सॉरी म्हणेन.

शनिवार, १५ मार्च

दुपार. आत्ताच उठलेय.

जेवून एकटीच बँक घेऊन बसले होते. मध्येच हाच प्रश्न आला. 'पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली स्त्री, पुन्हा रक्तस्राव, वेदना नाहीत. पुढची पायरी?' डोळे मिटूनही येतं. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला, कॅन्सर नाही ना ते बघायला, थांबायचं नाही. हिरवी खूण आली. पुढच्या प्रश्नावर गेले. मग सर लावले आणि डोळा लागला.

स्वप्नात लॅब. रक्त द्यायच्या खुर्चीवर आमचे सगळे पेशंट ओळीने येऊन बसतायत. ड्रायव्हर, शालवाली, दुकानदार, गुडघेवाली. मी पट्टा बांधते, प्रत्येक जण बाही वर करतो आणि कानाशी येऊन तेच सांगतो. त्याच शब्दांत. बाहेर छान ऊन आहे, कुणीतरी लांबून फोनवर बोलतंय, 'क्षणभर थांबा हं, जोडून देते.' कुणीच घाबरलेलं नाही. मी सगळ्यांना म्हणतेय, प्रश्नात नाही ते बोलू नका. आणि मग पट्टा बांधता बांधता बघते तर सगळ्यांचा हात एकच! मनगटावर तीच भाजल्याची जुनी खूण. आत्याबाईंची!

अगं बाई गं. त्या सांगत होत्या मला. तीन-तीन वेळा सांगितलं आणि मी नियम शिकवत बसले!

शनिवार, १५ मार्च — नंतर

नवरा बाहेर गेला होता. त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं. त्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सरळ विचारायला तोंड उघडलं आणि त्यांनी नजर अशी वळवली की शब्द गिळले. मग म्हटलं, "आत्याबाई, आजचा पेशंट मी निवडलाय. एक बाई आहेत. आयुष्यभर टेलिफोनवर काम केलेल्या."

बराच वेळ घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "आवाज कुठला देऊ?"

"तुम्हाला वाटेल तो."

त्यांनी एक्स्चेंजचा दिला. स्वच्छ, गोड, कुणाचाच नसलेला. "नमस्कार. बोला."

मी विचारत गेले. सगळं. जसं शिकलेय तसं, क्रमाने. दुखतं का — नाही. वजन — थोडं उतरलंय. चक्कर — कधीमधी. आधी कुणाला दाखवलं का — नाही. किती दिवस झाले?

इथे लाइन जरा थांबली. "झाले असतील तीन-चार आठवडे."

मग माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. त्यांच्या नाही! म्हटलं, या बाईंनी उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायला हवं. तर म्हणतात कशा, "डॉक्टरकडेच आल्यात ना त्या."

"मी डॉक्टर नाही, आत्याबाई! मला साधी तपासणीची चिठ्ठी लिहिता येत नाही!"

"मग आधी परीक्षा दे. या बाई थांबतील."

भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. थांबणार नाहीत म्हणजे नाहीत! शेवटी कबूल झाल्या, एका अटीवर. भाच्याला इतक्यात सांगायचं नाही. त्याला सांगायचं, चष्म्याचा नंबर बदलायला चाललोय.

मंगळवार, १८ मार्च

दवाखाना. भिंती फिकट हिरव्या, कोपऱ्यात माशांची टाकी. आत्याबाई माशांकडे बघत होत्या. मीही. एक मासा काचेला तोंड लावून काहीतरी सांगत होता, वाटलं आत जावं आणि तिथेच राहावं. पाण्यात परीक्षा नसते.

डॉक्टरीण माझ्याहून बरीच लहान. चांगली होती, हळू बोलत होती. मी तोंड उघडलं — कधीपासून, किती, काय काय व्हायला हवं — तर गोड हसून म्हणाली, "नातेवाईकांनी जरा बाहेर थांबा हं."

बाहेर थांबले. माझ्यासमोर दार बंद झालं. त्या दारावर नाव असतं डॉक्टरचं, तेवढं वाचत बसले.

तुकडा घेतलाय. रिपोर्टला वेळ लागेल.

घरी येताना आत्याबाई म्हणाल्या, "अवघडल्यासारखं झालं गं. परकी पोर."

शनिवार, २२ मार्च

अभ्यास होत नाही. तर बाई टॅब घेऊन उभ्या! "चला. दोन वाजले." म्हटलं, नको आज. म्हणाल्या, "सूनबाई, मी या घरात काही कामाची आहे की नाही?"

पेशंट कावीळवाला. मीठमसाला अजिबात नाही. प्रश्नात होतं तेवढंच बोलल्या. मला रडूच आलं. म्हटलं, थोडा मसाला घाला की. त्यांनी कावीळवाल्याला एक पोपट दिला, शिव्या देणारा.

मंगळवार, २५ मार्च

कॅन्सर आहे.

नवऱ्याला सांगितलं. चष्म्याचं खोटं होतं हेही. तो आत्याच्या खोलीत गेला, पलंगाशी जमिनीवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस. आत्याबाई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "केस कापून ये रे. किती वाढवलेस."

बुधवार, २ एप्रिल

ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं. वेळ ठरल्यापेक्षा जास्त लागला.

सर्जन बाहेर आले तेव्हा कपाळावर टोपीची खूण उमटलेली. म्हणाले, "वाटलं होतं त्यापेक्षा पुढे गेलंय. गाठींपर्यंत. औषधं, किरणं — सगळं लागेल." मग मला विचारलं, "नक्की तीन-चार आठवडेच?" म्हटलं, हो, त्यांनी तसंच सांगितलंय. त्यांनी मान हलवली. "असतात काही वेगाने वाढणारे."

मी वाचलेत तसे. असतात.

रविवार, ६ एप्रिल

परीक्षा शुक्रवारी. टक्केवारीला म्हटलं, जात नाही. तो पहिल्यांदाच टक्के न विचारता बोलला, "तिसरी खेप अशी सोडू नकोस. पुढे ढकलता येत नाही, तुला माहितीये."

आत्याबाईंना कुणी सांगितलं कोण जाणे. पलंगावरून, नळ्यांमधून, डोळे वटारून म्हणाल्या, "ही परीक्षा तू दिली नाहीस तर मी औषध घेणार नाही. लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

मंगळवार, ८ एप्रिल

हॉस्पिटलमध्ये बँक चालू आहे! मी स्टुलावर, त्या उशीला टेकून. आज त्यांनी संधिवाताचा खानसामा केला. आवाज बारीक झालाय पण खानसामा झोकात होता, पातेलं उचलता येत नाही म्हणून जगावर चिडलेला. मग छातीदुखीची शिक्षिका केली. ती इतकी छान विव्हळली की नर्स धावत आली — "कुणाला दुखतंय? छातीत दुखतंय?" आत्याबाई म्हणाल्या, "मला नाही हो. त्या बाईंना." आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं!

नर्सने आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, परीक्षा आहे माझी. तिने सलाईनचा वेग तपासला आणि गेली.

संध्याकाळी त्या झोपल्यावर खिडकीपाशी बसून राहिले. खाली रस्त्यावर दिवे लागत होते, माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती. प्रत्येकाला काहीतरी होत असेल आणि कुणीच पहिल्या वाक्यात सांगणार नाही. पास झाले तर यातलं कुणीतरी माझ्यासमोर येऊन बसेल. मी म्हणेन, सावकाश बोला. मला ते हवंय. किती हवंय ते आज पहिल्यांदा नीट कळलं. बाकी सगळं, मान, दारावरचं नाव, ते नंतर.

सर बंद करून टाकले. आता झोप अशीच येते.

शुक्रवार, ११ एप्रिल

दिली.

मोठा हॉल, थंडगार. सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं होतं, घाबरेन. पण पहिला प्रश्न वाचला आणि तो माणूस बोलायलाच लागला. शब्द तेच छापील, पण मला त्यामागचा बसलेला आवाज ऐकू येत होता, पँट सैल झाल्याचं सांगणारा. एकेक जण आला, बसला, बोलला, गेला. एकदा हसले तर पर्यवेक्षक बघायला लागला. वेळ कसा गेला कळलंच नाही, बाहेर आले तेव्हा डोळ्यांवर ऊन आलं आणि क्षणभर कुठल्या गावात आहे तेच आठवेना.

कशी गेली म्हणाल तर सांगता येत नाही. पण एकही प्रश्न ओळखीचा नव्हता. सगळे पेशंट होते.

गुरुवार, २४ एप्रिल

आत्याबाई घरी. खातात चिमणीएवढं. औषधाने तोंडाची चव गेलीय. म्हणतात, "निघते मी आता." यावेळी आम्ही दोघं "हो हो" म्हणालो नाही. नवरा एकदम ओरडलाच, "कुठे जाणारेस?"

बुधवार, ७ मे

पास!

धावत त्यांच्या खोलीत गेले, फोन तसाच डोळ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाल्या, "दार लाव. बस समोर. आता खरं सांगते. तीन-चार आठवडे नव्हते गं. तुझ्या पहिल्या परीक्षेच्या आधीपासून आहे हे. म्हटलं, घरातच डॉक्टर होतेय, परक्यापुढे कशाला? तू पास झालीस की तुलाच दाखवीन."